पेपर आहेत, म्हणून पिल्लं काढायची का?

पाळीव प्राण्यांच्या या सदराकडे यंदा खानदेशातून आलेली बरीचशी पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरतात. घरात चांगल्या जातीचा कुत्रा आहे, त्याच्यापासून पिल्लं घ्यावीत की नाही? त्यातली सात पत्रं इथे घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, उत्तरं मात्र हात आखडता न घेता.

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर मादी अडीच वर्षांची आहे. केसीआयचे पेपर आहेत, तब्येत छान. कॉलनीत एकाकडे पेपरवाला नर आहे. "दोन्ही पेपरवाले, पिल्लं हातोहात जातील" असं ते म्हणतात. येत्या माजाला लावावी का? – वाचक, जळगाव

पेपर म्हणजे वंशावळीचा दाखला. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर तिचे आई-बाप, आजे-पणजे, जन्मतारीख, मायक्रोचिपचा नंबर हे सगळं असतं. तिचे खुबे कसे आहेत, डोळे पुढे टिकतील का, स्वभाव कसा आहे, याबद्दल त्यात अक्षर नसतं. मादी कोणाची, ते पेपर सांगतो. तिच्यापासून पिल्लं घ्यावीत की नाही, हे तपासण्यांवरून ठरतं.

पण पेपर बाजूला टाकू नका. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवा आणि नावं जुळवून बघा. एकच नर दोन्हीकडे आजा म्हणून दिसला, तर तो संबंध सोडून द्या. आपल्या भागात ठरावीक चार-दोन नरांकडूनच पिल्लं निघतात. त्यामुळे शेजारच्या तालुक्यातला नर तुमच्या मादीचा सावत्र भाऊ निघण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे.

त्यानंतर स्वभाव. फटाक्यांनी पलंगाखाली लपून दोन दिवस न जेवणारी, पाहुण्यावर उगाच दात काढणारी, ताटलीजवळ गेलं की गुरगुरणारी मादी कितीही देखणी असली तरी नको. स्वभाव रक्तातून उतरतो. शिवाय पिल्लं पहिले दोन महिने आईकडे बघूनच शिकतात, म्हणजे एकच खोट दोन वाटांनी पुढे जाते.

आता खुबे. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रिव्हर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आनुवंशिक आहे, त्याला हिप डिस्प्लेसिया म्हणतात. दोन वर्षांची मादी मैदानात बाणासारखी धावत असेल आणि तिचे खुबे तरीही खराब असतील, असं होतं, कारण लंगडणं पुष्कळदा सांधा झिजल्यावर सुरू होतं. म्हणून एक्स-रे. तो गुंगीचं इंजेक्शन देऊनच काढायचा. कुत्र्याला उताणं झोपवतात, मागचे दोन्ही पाय सरळ मागे ओढून समांतर धरतात आणि गुडघे किंचित आत वळवतात. कंबर जराही तिरपी झाली तर फोटो वाया जातो, जागं जनावर तसं पडून राहत नाही. फोटोत मांडीच्या हाडाचा गोळा आणि कमरेची वाटी पाहायची. निदान अर्धा गोळा वाटीत घट्ट बसलेला हवा, कडा गुळगुळीत हव्यात. गोळा काठावर टेकल्यासारखा दिसला, वाटी उथळ वाटली किंवा गोळ्याचा आकार चपटा झालेला दिसला, तर तिथेच थांबा. वर्षाच्या आतला फोटो ग्राह्य धरत नाहीत, दोन वर्षांनंतरचा अधिक भरवशाचा. तुमच्या मादीचं वय योग्य आहे. जवळपास सोय नसेल तर अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था किंवा परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही ठिकाणं जळगावहून रेल्वेने गाठता येतात. कोपराचा फोटोही त्याच वेळी काढून घ्या, गुंगी दुसऱ्यांदा द्यावी लागत नाही.

लॅब्रॅडॉरसाठी दोन जनुकीय तपासण्या आवर्जून कराव्यात. पहिली हळूहळू आंधळेपण आणणाऱ्या पीआरए या डोळ्यांच्या आजाराची, दुसरी जोरात धावल्यावर मागचे पाय लुळे पडण्याच्या ईआयसी या दोषाची. गालाच्या आतून काडीने नमुना घेऊन कुरियरने पाठवता येतो. हे दोष दबलेले असतात. एकाच बाजूचा दोष घेऊन चालणारं जनावर स्वतः निरोगी दिसतं. असे दोन वाहक एकत्र आले तर प्रत्येक पिल्लामागे चारात एक संधी आजाराची. वाहक आणि पूर्ण स्वच्छ अशी जोडी असेल तर एकही पिल्लू आजारी पडत नाही, निम्मी वाहक निघतात इतकंच. म्हणून 'वाहक' असा निकाल आला की घाबरून जाऊ नका, नराचा निकाल मात्र हातात येईपर्यंत थांबा.

तिसरं काम रक्ताचं. आपल्याकडे गोचीड वर्षभर असते. तिच्यापासून होणाऱ्या एर्लिकिया आणि बबेसिया या तापांत मादी वरून बरी दिसते, पण प्लेटलेट्स घसरलेल्या असतात. अशी मादी व्याली तर रक्तस्राव थांबता थांबत नाही, आणि गाभण असताना यावरची नेहमीची औषधं देता येत नाहीत. म्हणून ही तपासणी माजाच्या महिनाभर आधीच करा. ब्रुसेलाची तपासणी नर आणि मादी दोघांची हवी. या जंतूमुळे दीड महिना उलटल्यावर गर्भ पडतो, आणि तो माणसालाही लागतो. नराच्या इंद्रियावरची कातडी मागे सरकवून डॉक्टरांकडून बघून घ्या. भटक्या कुत्र्यांमधून येणारी, संयोगातून पसरणारी एक गाठ असते. फुलकोबीसारखी, सहज रक्त येणारी. ती दिसली तर त्या नराकडे जायचंच नाही.

हे सगळं नीट निघालं तरी एक प्रश्न उरतो, पिल्लं जाणार कुठे? लॅब्रॅडॉरला सात-आठ पिल्लं सहज होतात. "घेऊ की" म्हणणारे दहा असतात, पण आठव्या आठवड्यात त्यातले तीनच येतात. माज यायच्या आधी निदान पाच घरांकडून पक्का शब्द घ्या आणि उरलेली पिल्लं तीन-चार महिने सांभाळायची तयारी ठेवा. तेवढी जागा आणि वेळ नसेल तर आमचं उत्तर 'नको' असंच आहे.

लावायचीच ठरली तर दिवस मोजण्यात चूक होते. "अकराव्या आणि तेराव्या दिवशी" हा ठोकताळा निम्म्या वेळा चुकतो, कारण काही माद्या सातव्या दिवशी तयार होतात, काही विसाव्या. रक्त दिसू लागल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासा आणि दर दोन दिवसांनी पुन्हा. ही तपासणी माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. नमुना जेल नसलेल्या, साध्या लाल टोपीच्या नळीत द्या, जेलच्या नळीत आकडा कमी येऊ शकतो. आकडा मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅमच्या आसपास गेला की बीज सुटलं असं समजतात. त्यानंतर दोन दिवसांनी एकदा आणि पुढे दोन दिवसांनी दुसऱ्यांदा लावायची. मादी नराच्या घरी न्यायची, उलट नाही. दोघं अडकली की दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत तशीच राहतात, ओढून सोडवू नका, दोघांनाही इजा होते. नराच्या मालकाला पैसे द्यायचे की एक पिल्लू, आणि मादी गाभण राहिली नाही तर पुढच्या माजाला पुन्हा लावायची का, हे आधी कागदावर लिहा. जन्माचे संबंध बिघडतात ते इथेच.

आणि कॅलेंडर बघा. १ मार्चला लावलेली मादी ३ मेच्या सुमारास व्यायते, जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीकडे असतो तेव्हा. १० नोव्हेंबरची १२ जानेवारीच्या आसपास. आमच्या मते आपल्या भागात फेब्रुवारी-मार्चचा माज सोडून द्यावा.

प्रश्न : मादीला एकदा तरी पिल्लं झाली नाहीत तर तिला पुढे आजार होतो, असं सगळे सांगतात. खरं आहे का? आमची स्पिट्झ चार वर्षांची आहे. – वाचक, धुळे

खरं नाही. एकदा व्याल्याने पुढचे आजार टळतात असं खात्रीने म्हणता येत नाही.

धोका आहे तो न केलेल्या ऑपरेशनचा. माज संपल्यावर दोन ते आठ आठवड्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात. वयाबरोबर तो वाढतो, आणि आधी व्यालेल्या मादीलाही होतो. पाणी एकदम जास्त पिणं, वारंवार लघवी, जेवण सोडणं, उलटी, पोट फुगणं ही त्याची लक्षणं. पू बाहेर येत असेल तर कळतं तरी. गर्भाशयाचं तोंड मिटलेलं असलं तर बाहेर काहीच दिसत नाही, आणि तीच जास्त घातक अवस्था. अशा वेळी सोमवारची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना.

पिल्लं नको असतील तर गर्भाशय आणि अंडाशय काढून टाका. माजात असताना हे ऑपरेशन टाळतात कारण रक्त जास्त जातं. माज संपून दोन-तीन महिने झाले की करा. मोठ्या जातींमध्ये सांध्यांची वाढ पुरी होऊ देण्यासाठी वर्षभर थांबणं बरं, तुमच्या स्पिट्झला तो प्रश्न नाही.

प्रश्न : केळीच्या मळ्यात राखणीला जर्मन शेफर्ड नर आहे, १४ महिन्यांचा. अंगाने दणकट, पण एकच अंड खाली आहे. आजूबाजूचे लावायला मागतात. शिवाय एकदा लावल्यावर तो शांत होईल असंही म्हणतात. – वाचक, रावेर

लावू नका. पिल्लाची दोन्ही अंडं साधारण दोन महिन्यांत उतरतात, सहा महिन्यांनंतर उतरतील ही आशा धरायची नसते. चौदाव्या महिन्यात प्रश्नच उरला नाही. हा दोष आनुवंशिक आहे. उतरलेल्या एका अंडामुळे पिल्लं होतात, म्हणूनच तो पसरतो. पोटात राहिलेलं अंड शरीराच्या उष्णतेत असतं आणि त्यात पुढे गाठ होण्याचा धोका बराच वाढतो. दोन्ही काढून टाकणं हा उपाय. राखणीच्या कामात त्याने फरक पडत नाही, भुंकणं आणि हद्द राखणं त्याच्या जातीत आहे.

लावल्याने नर शांत होतो हेही उलटं आहे. एकदा चव लागली की दोन कोसांवरच्या माजाचा वास त्याला मळ्यात थांबू देत नाही. तो कुंपण ओलांडतो, गावकुत्र्यांशी भांडतो आणि महामार्गावर सापडतो.

प्रश्न : आमच्या पग मादीला पिल्लं हवी आहेत, एक आम्ही ठेवणार. ती झोपेत जोरात घोरते, बाकी ठीक. – वाचक, भुसावळ

तिचं घोरणं हीच तपासणी समजा. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, तिला तीन मिनिटं भरभर चालवा. मग कान जवळ नेऊन ऐका. श्वासाला घर्रर आवाज येत असेल, तोंडातून फेस येत असेल, जीभ जांभळट दिसत असेल, किंवा पाच मिनिटांत श्वास पूर्ववत होत नसेल, तर तिची श्वासाची वाट अरुंद आहे. अशा मादीला गाभणपणात फुगलेलं पोट छातीचा पडदा वर ढकलतं, आणि कुत्रा घाम गाळून नव्हे तर धापा टाकून अंग थंड करतो. भुसावळच्या उन्हात तिच्याकडे ते साधनच तोकडं आहे.

पगच्या पिल्लांची डोकी मोठी आणि मादीची कंबर अरुंद, त्यामुळे सिझेरियन पुष्कळदा करावं लागतं. रात्री दोन वाजता गॅसची भूल देऊन सिझेरियन करणारा सर्जन तुमच्यापासून किती तासांवर आहे, हे आज फोन करून विचारा. उत्तर तासाभरापेक्षा जास्त आलं तर विचार सोडा. पिल्लूच हवं असेल तर दुसरीकडून आणा, या मादीच्या जिवावर नको.

प्रश्न : घाईच झाली. आमच्या लॅब्रॅडॉरला २६ फेब्रुवारीला लावली, सोनोग्राफीत गाभण निघाली. आखाजीच्या सुमारास व्यायेल. आता काय काय करायचं? – वाचक, अमळनेर

२६ फेब्रुवारीपासून ६३ दिवस म्हणजे ३० एप्रिल. लावल्यापासून ५८ ते ६८ दिवस हा नेहमीचा पल्ला, म्हणून २५ एप्रिल ते ५ मे घरात कुणीतरी सतत हवं.

खाणं पहिले पाच आठवडे नेहमीइतकंच. त्यानंतर दर आठवड्याला थोडं वाढवत शेवटी सव्वा ते दीडपट, तेही दिवसातून तीन-चार वेळा, कारण पोटात जागा नसते. पिल्लांसाठीचं तयार खाद्य याच काळात आईलाही चालतं. घरचं देत असाल तर अंडी, चिकन, भात. कांदा-लसूण अजिबात नको. आपल्या भरितात कांद्याची पात असते आणि शेवभाजीच्या रश्श्यात दोन्ही असतात. त्याने कुत्र्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. डोहाळे म्हणून प्रेमाने घातलेला वाटीभर रस्सा तिला पांडुरोग देऊन जाईल.

कॅल्शियमची बाटली आत्ता उघडू नका. ही सगळ्यात जास्त होणारी चूक. बाहेरून सतत कॅल्शियम मिळालं की हाडांतून ते काढून आणणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि व्याल्यावर दूध उतरू लागतं तेव्हा रक्तातलं कॅल्शियम एकदम कोसळतं. व्याल्यानंतर द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. जंतांसाठी फेनबेंडाझोल ४० व्या दिवसापासून व्याल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत रोज देतात, मात्रा वजनावर असते, डॉक्टरांकडून लिहून घ्या. ५५ व्या दिवसानंतर एक्स-रे काढून पिल्लं मोजून ठेवा. सात दिसली आणि सहा बाहेर आली, तर एक आत आहे हे घरच्या घरी कळायला दुसरा मार्ग नाही.

खोली तळमजल्यावरची निवडा, पत्र्याखालची किंवा स्लॅबखालची नको. चार फूट बाय चार फुटांची पेटी, भिंतीपासून आणि तळापासून चार-चार इंचांवर आतून एक दांडा ठोकलेला, म्हणजे आई टेकून बसली तरी पिल्लू दांड्यामागे सुरक्षित राहतं. नवजात पिल्लांना अंगाचं तापमान राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात पेटीत २९ ते ३२ अंश हवेत. इतर जिल्ह्यांत दिवा लावून ऊब द्यायची चिंता, तुम्हाला मे महिन्यात त्याच्या उलट, गारवा राखायची. कूलर खोलीत असू द्या, पण झोत पेटीवर नको, आणि कोंदट दमटपणा येऊ नये म्हणून एक खिडकी किलकिली ठेवा. तापमापी भिंतीवर न लावता पिल्लांच्या उंचीवर ठेवा. पिल्लं एकमेकांवर चढून ढिगाने झोपली तर गारवा आहे, दूर दूर पसरून किरकिरत असतील आणि आई धापा टाकत बाहेर पडत असेल तर उकाडा आहे. तापमापीपेक्षा हे आधी कळतं.

५८ व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ तिचा ताप गुदद्वारातून मोजा. नेहमी १०१ ते १०२ असतो, तो ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरला की साधारण चोवीस तासांच्या आत व्यायला सुरुवात होते. ती जमीन उकरते, खात नाही, थरथरते. जोरात कळा देऊन अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, आत पिल्लं असताना दोन तासांवर खंड पडला, पहिल्या पिल्लाच्या आधीच काळसर हिरवा स्राव आला किंवा ६८ दिवस उलटले, तर थेट दवाखाना. कुणाला घरी बोलावून कळा वाढवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचून घेऊ नका. पिल्लू आडवं अडकलं असेल तर त्या इंजेक्शनने गर्भाशय फाटतं.

आईने पिशवी फोडली नाही तर तुम्ही फोडा, तोंड-नाक पुसा, खरखरीत टॉवेलने चोळा. नाळ पोटापासून इंचभर ठेवून उकळलेल्या दोऱ्याने बांधा, कापा, टिंक्चर आयोडीन लावा. दोन-तीन तासांत प्रत्येकाच्या पोटात चीक गेला पाहिजे. मग स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाच्या लोकरीचा सैल धागा बांधा, दोन दिवसांनी तो बदला, कारण गळा भराभर वाढतो. वजन रोज दोन वेळा वहीत. लॅब्रॅडॉरचं पिल्लू साधारण ४०० ग्रॅमचं असतं. पहिल्या दिवशी थोडं घटलं तर चालतं, पुढे रोज पाच ते दहा टक्के वाढ हवी, आठ-दहा दिवसांत दुप्पट. निळ्या धाग्याचं पिल्लू ४१० वरून ४०५, मग ३९८ असं उतरत असेल तर ते रडत नसलं तरी उपाशी आहे. त्याला मागच्या, भरलेल्या आचळाला लावा. साधं गाईचं दूध बाटलीने देऊ नका, कुत्रीच्या दुधापेक्षा ते फार पातळ पडतं, पिल्लांना मिळणारं दूधपावडरीचं खाद्य आधीच आणून ठेवा.

व्याल्यानंतर पहिल्या चार आठवड्यांत आई अस्वस्थ झाली, पाय ताठ करून चालू लागली, थरथरली, धापा टाकल्या, तर ते कॅल्शियम कोसळल्याचं लक्षण. पिल्लं लगेच बाजूला करा आणि गाडी काढा. शिरेतून सावकाश कॅल्शियम मिळालं तर अर्ध्या तासात उठून बसते, मिळालं नाही तर त्याच दिवशी जाते.

प्रश्न : पिल्लं विकायची तर परवाना लागतो का? – वाचक, शहादा

केंद्र सरकारचे श्वान प्रजनन व विक्रीचे नियम २०१७ पासून लागू आहेत. विक्रीसाठी पिल्लं काढणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. दीड वर्षाच्या आतली मादी लावायची नाही, वर्षात एकाहून जास्त वेत नाही, आयुष्यात पाचाहून जास्त नाही, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. 'आमचं एकच वेत आहे' म्हणून सूट धरून चालू नका. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात जाऊन अर्जाची माहिती घ्या, माज येण्याआधी.

प्रश्न : आमच्याकडे कारवान मादी आहे, पेपर नाहीत. हिला ग्रेहाउंड लावला तर पिल्लं जास्त वेगवान होतील असं एकजण म्हणतो. – वाचक, चाळीसगाव

या पत्राला आमचा होकार आहे, फक्त ग्रेहाउंडला नाही. कारवान ही आपल्या मातीतली, उन्हाला सरावलेली शिकारी जात. लॅब्रॅडॉरची पिल्लं देशभर मिळतात, निखळ कारवान मात्र मोजक्या हातांत राहिला आहे. एकदा परका नर लावला की ती ओळ तिथे तुटते, आणि पुढच्या पिढीत लांब पाय मिळाले तरी उन्हात टिकण्याचा काटकपणा हमखास मिळेल असं नाही.

नर शोधताना उंचीला भुलू नका. चाल बघा. मागचा पाय पुढच्याच्या रेषेत पडतो का, कमरेत ताकद आहे का, अनोळखी माणसाजवळ तो सावध पण स्थिर राहतो का. वंश वेगळा हवा, म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातल्या पाळणाऱ्याकडे चौकशी करा आणि त्याच्या नराच्या आई-बापाचे फोटो मागा. ब्रुसेला आणि गोचीडतापाची तपासणी इथेही सुटलेली नाही, हृदयाचीही करून घ्या. पेपर नसले तरी पिल्लांना मायक्रोचिप बसवा, आई-बापाच्या नावासह वही ठेवा. पिल्लू ज्याला द्याल त्याच्याकडे धावायला निदान कुंपण असलेलं शेत आहे का, ते स्वतः जाऊन पाहून या.